रंग तटस्थ असतो काय?

मित्रांनो, कपड्याच्या रंगावर लिहायचे म्हटल्यावर काहीजण हसतील. म्हणतील, गावोगाव अत्याचार चाललेत, आणि हा शर्टाच्या रंगावर काथ्याकूट करतोय. हसू द्या. मनू या विषयाला हसला नव्हता. दहाव्या अध्यायात त्याने लिहून ठेवलं की चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत. त्याच अध्यायात लिहून ठेवलं की शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी, विटलेली वस्त्रे द्यावीत. ज्यांनी आपल्याला गुलाम केलं त्यांना कापड ही क्षुल्लक बाब वाटली नाही. मग आपल्याला ती क्षुल्लक वाटून कसं चालेल?

प्रश्न असा आहे. आपली पोरं-पोरी आता शिकतात, मुलाखतीला जातात, हापिसात बसतात. हाती पैसा बेताचा, कपडे मोजके. अशा वेळी शहाणी माणसं सल्ला देतात : कपाटाचा पाया तटस्थ रंगांवर घाला. पांढरा, काळा, करडा, गडद निळा, बदामी. हे रंग कशावरही जातात, डोळ्यात खुपत नाहीत, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सल्ला वाईट नाही. पण त्यातला तटस्थ हा शब्द मला बोचतो. डोळ्यात खुपत नाही म्हणजे कुणाच्या डोळ्यात? लक्षात राहत नाही म्हणजे कुणाच्या लक्षात? आणि ज्यांनी हजारो वर्षं आपल्याला डोळ्यासमोर येऊ दिलं नाही, त्यांच्या डोळ्यात न खुपण्याची जबाबदारी आपण का म्हणून घ्यायची?

पहिल्यांदा व्यवहाराचं बोलू. व्यवहार सोडून तत्त्वज्ञान करणं हा पोट भरलेल्यांचा धंदा आहे. समजा, तुमच्याकडे दोन पँटी आणि तीन शर्ट घेण्यापुरते पैसे आहेत. प्रत्येक शर्ट दोन्ही पँटींवर जात असेल तर सहा जोड होतात. त्यातला एक शर्ट भडक, एकाच पँटीवर चालणारा घेतला की जोड पाच. तसले दोन घेतले की चार. करडी पँट, काळी पँट, पांढरा शर्ट, आकाशी शर्ट, बदामी शर्ट, झाला आठवडा. आपल्या बायका हे न शिकवता जाणतात. एक काळा ब्लाउज चार साड्यांवर चालवतात. एका पांढऱ्या सलवारीवर तीन कुडते काढतात. ही फॅशन नव्हे, हे गरिबाचं गणित आहे, आणि ते बरोबर आहे. ज्याला एक कपडा एकदाच घालून टाकून द्यायची ऐपत आहे त्याला हे गणित लागत नाही. आपल्याला लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण गणित बरोबर आलं म्हणून रंग तटस्थ ठरत नाही. यादीतला पहिलाच रंग घ्या. पांढरा.

मराठीत लेखणीवर जगणाऱ्या वर्गाला नावच पडलं पांढरपेशा. ज्या रंगावरून एका वर्गाचं नाव पडलं तो रंग तटस्थ कसा? गावातही तेच. गाव वसतं ती जमीन पांढरी, पिकते ती काळी. आपला वाडा गावकुसाबाहेर. काळीत राबायचं, पांढरीची चाकरी करायची, आणि राहायचं दोन्हीच्या बाहेर. पांढऱ्या रंगाने आपल्याला कधी आत घेतलं?

शिवाय पांढरा रंग नुसता कापडात नसतो, तो पाण्यात असतो. पांढरा शर्ट दुसऱ्या दिवशी पांढरा राहायला पाणी लागतं, साबण लागतो, वाळत घालायला जागा लागते, आणि धुवायला कुणाचे तरी हात लागतात. बहुधा आईचे, नाहीतर बायकोचे. आपले कपडे परीट धूत नव्हता. न्हावी आपली डोकी करत नव्हता. महाडच्या तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, माणसाला बंदी होती. बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यात उतरले तेव्हा ओंजळभर पाणी प्यायले. त्या ओंजळीचा निकाल मुंबई हायकोर्टातून लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं. आणि याच माणसांना गाव म्हणत होतं, मळकट आहेत, जवळ घेण्यासारखी नाहीत. आधी पाणी तोडायचं आणि मग मळ मोजायचा, अशी ही न्यायबुद्धी.

तटस्थ या शब्दाचा अर्थच मुळी तटावर उभा असलेला. तळ्याच्या काठी उभं राहून बघणारेही त्या दिवशी असतीलच. ते तटस्थ. जो पाण्यात उतरला तो तटस्थ राहिला नाही. हा शब्द वापरताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

आपल्या घरात मात्र या बाबतीत दुसराच शब्द आहे. मळखाऊ. दुकानात आपल्या आया कापड चिमटीत धरून एकच विचारत : मळखाऊ आहे का? चॉकलेटी, विटकरी, गडद हिरवा, काळपट, धुरकट. खडी फोडताना, झाडताना, बिगारी करताना, कोळशाच्या वखारीत पाट्या उचलताना चार दिवस निघाले पाहिजेत असा रंग. मळखाऊ हा कष्टकऱ्याचा तटस्थ रंग. तो नुसता मळ झाकत नाही, पाण्याची टंचाई झाकतो. म्हणजे बघा, एकाच मुलखात दोन तटस्थ रंग नांदतात. एकाच्या मागे घरातला नळ आहे, दुसऱ्याच्या मागे हंड्यांची रांग आहे. जो पांढऱ्याला साधा, सात्त्विक, तटस्थ म्हणतो त्याला आपल्या घरात नळ आहे हे जाणवतच नाही. सत्तेचं लक्षण हेच. तिला स्वतःचा रंग दिसत नाही, फक्त दुसऱ्याचा दिसतो.

अजून एक पुरावा देतो, कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळेल. परकर, लेगिंग, मोजे मागायला जा. दुकानदार विचारेल, स्किन कलर दाखवू? आणि काढून दाखवेल फिकट गुलाबीसर बदामी. ही स्किन कुणाची? उन्हात कांदे काढणाऱ्या बाईची तर नव्हे. कातडी सगळ्यांना आहे, पण कातडीचा रंग म्हणून एकाच कातडीला मान्यता आहे. तिलाच तटस्थ म्हणतात. बाकीच्या कातड्यांना सावळी, काळी, निमगोरी अशी नावं द्यावी लागतात.

आता कुणी म्हणेल, एवढा कशाला ताप? साधं राहावं. साधा रंग, साधा काठ. साधेपणा हा सद्गुणच आहे.

इथे थांबलं पाहिजे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांची हकिगत दिली आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलाईंना हुकूम काढले. जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत. रंगीत किंवा नक्षीदार काठाची धोतरं नेसायची नाहीत. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, भरजरी घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. बलाईंनी ऐकलं नाही. मग विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, शेतातून जायची वाट बंद झाली. धोतराच्या रंगीत काठापायी माणसांचं पाणी तोडलं! तमिळ मुलखात रामनाड जिल्ह्यात १९३० साली कल्लर जातीने आदि-द्रविडांवर असेच मनाईहुकूम लादले. पुरुषांनी गुडघ्याखाली आणि कमरेच्या वर वस्त्र घ्यायचं नाही. कोट नको, सदरा नको, बनियनसुद्धा नको. बायकांनी छाती झाकायची नाही. पायात वहाण नको, डोक्यावर छत्री नको.

ही जुनी गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर २०२३ सालची बातमी आठवावी. गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला मारहाण झाली. कारण काय, तर चांगले कपडे आणि डोळ्यांवर गॉगल.

तेव्हा साधेपणाचे दोन प्रकार आहेत. एक निवडलेला, एक लादलेला. दिसायला दोन्ही सारखेच. बिनकाठाचं धोतर एका माणसाच्या अंगावर वैराग्य असतं, दुसऱ्याच्या अंगावर शिक्षा असते. गांधींनी १९२१ साली मदुराईत पूर्ण पोशाख सोडून पंचा नेसला, आणि जगाने त्याची तारीफ केली. आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या तेवढंच वस्त्र होतं, त्यांची तारीफ कुणी केली नाही. सोडायला आधी असावं लागतं. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. म्हणून ते सूट घालून उभे राहिले. तो सूट शौक नव्हता. ज्याला सदरा घालायची बंदी होती त्या माणसाने तीन कापडांचा सूट घालून कायदेमंडळात बोलायला उभं राहणं, हाच एक युक्तिवाद होता.

खाकीचं उदाहरण घ्या. खाक म्हणजे माती, धूळ. फौजेने हा रंग घेतला तो धुळीत दिसू नये म्हणून. म्हणजे तटस्थातला तटस्थ रंग. आता हीच खाकी फौजदाराच्या अंगावर बघा आणि शहरातल्या सफाई कामगाराच्या अंगावर बघा. कापड एक, रंग एक. एकाला बघून लोक उठून उभे राहतात, दुसऱ्याला बघून नाकाला रुमाल लावतात. मग तटस्थपणा रंगात आहे असं कसं म्हणणार? रंग तोच. माणसामाणसांतलं नातं बदललं की त्याचा अर्थ बदलतो.

मग तटस्थ रंग असूच शकत नाही काय? मला वाटतं, असू शकतो. आणि त्याचं उदाहरण आपल्याच परंपरेत आहे.

बुद्धाच्या संघात भिक्खू पांसुकूल चीवर वापरत. पांसुकूल म्हणजे धुळीत टाकून दिलेलं कापड. उकिरड्यावरचं, स्मशानातलं. ते धुवायचं, तुकडे जोडायचे, आणि मुळं, साल, पानं, फळं यांच्या रंगात बुडवायचं. मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी त्याची शिवण. आता हे मनूच्या शेजारी ठेवून बघा. स्मशानातलं कापड चांडाळाने वापरावं असं मनू सांगतो. स्मशानातलं कापड बुद्धाचा भिक्खूही वापरतो. कापड तेच! फरक कुठे आहे? मनूच्या व्यवस्थेत ते एका जातीलाच वापरावं लागतं आणि बाकीच्यांना वापरावं लागत नाही. संघात शाक्य राजपुत्रही तेच पांघरतो आणि त्यांचा न्हावी उपालीही तेच पांघरतो, आणि दोघंही आपल्या मनाने आलेले आहेत.  तिथे त्या मातकट रंगाने माणसाची जात सांगणं सोडून दिलं. तो रंग खरा तटस्थ झाला.

यातून मी एक कसोटी काढतो. पटते का बघा. जो रंग सगळ्यांना घालता येतो आणि कुणालाच घालावा लागत नाही, तो तटस्थ. दोन्ही अटी पाहिजेत. बलाईंच्या बाबतीत पहिली अट मोडली, रंगीत काठ त्यांना घालता येत नव्हता. चांडाळाच्या बाबतीत दुसरी मोडली, प्रेतवस्त्र त्याला घालावंच लागत होतं. एकही अट मोडली की रंग तटस्थ राहत नाही, तो जातीचा होतो. मग तो करडा असो नाहीतर भगवा असो.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या बायकांसमोर भाषण केलं, त्याचा अर्थ या कसोटीवर नीट लागतो. पांढरपेशा बायका नेसतात तसं लुगडं नेसा, अस्पृश्यपणाची खूण असलेले ते जड दागिने टाका, वस्त्र फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असं त्यांनी सांगितलं. कुठलं वस्त्र घ्यावं आणि कुठल्या धातूचा दागिना घालावा हे ठरवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, हेही सांगितलं. काही विद्वान म्हणतात, हे वरच्यांचं अनुकरण झालं. अनुकरण नाही, ही दाव्याची गोष्ट आहे. ती नेसण्याची पद्धत काही जातींची मक्तेदारी होती. आपल्या बायकांनी ती नेसली त्या दिवसापासून ती मक्तेदारी संपायला लागली. एखादी वस्तू सगळ्यांची व्हायची तर ज्याला मनाई आहे त्याने ती आधी वापरावी लागते.

पांढऱ्याचंही आपण हेच केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. बाबासाहेब स्वतः पांढऱ्या पोशाखात होते. हिंदू रूढीत सवाष्णीला पांढरं अशुभ. आपल्या बायका पांढऱ्या लुगड्यात दीक्षा घेऊन सणासारख्या घरी आल्या, आणि आजही बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसून उभी राहते. तिच्या अंगावर ते पांढरं पांढरपेशाचं नाही आणि विधवेचंही नाही. त्याची जुनी नोंद खोडून तिने नवी केली आहे.

आता निळ्याकडे येतो. कारण खरा पेच इथेच आहे.

मनूने ब्राह्मणाने काय काय विकू नये याची यादी दिली आहे, तिच्यात दारूच्या शेजारी नीळ आहे. तो निळा आज आपला झेंडा आहे. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, त्याच्या झेंड्यावर निळा आला, आणि पुढे गावागावांतल्या पुतळ्यांवर आला. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो काळे-पांढरे आहेत. पुतळ्यावरचा सूट निळा करायचा हे जनतेनं ठरवलं. आणि गंमत अशी की दुकानदाराच्या तटस्थ रंगांच्या यादीत गडद निळा आहेच! साहेबाच्या अंगावर तो नेव्ही ब्लू असतो, तटस्थ असतो. आपल्या पोराच्या अंगावर, त्यातही १४ एप्रिलच्या आसपास, तोच रंग काहींना जयभीमवाला दिसतो.

मला एका पोराने विचारलं होतं, दादा, मुलाखतीला निळा शर्ट घालू की करडा? करडा घातला तर चळवळीशी गद्दारी होईल का? निळा घातला तर ओळखतील का? त्याच्या दोन प्रश्नांतला दुसरा खरा होता. पहिला त्याने माझ्याकडे बघून जोडला होता.

मी त्याला म्हटलं, करडा घाल, निळा घाल, पण आधी कारण तपास. करडा तीन पँटींवर जातो म्हणून घालतोस, तर खुशाल घाल. तो अंगाला शोभतो म्हणून घालतोस, तरी घाल. पण आपण कोण हे कळू नये म्हणून घालत असशील तर हे समजून घे की कपडा तुला वाचवणार नाही. आडनाव आहे, गाव आहे, जिल्हा आहे, आई-बाप काय करतात हा प्रश्न आहे. ज्याला जात हुंगायची आहे तो करड्यातूनही हुंगतो. आणि भीती अशी चीज आहे की आज ती शर्टाचा रंग मागते, उद्या घरातला फोटो काढून ठेवायला सांगते, परवा म्हाताऱ्या बापाची ओळख द्यायला लाजते.

पण इथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी नुसताच उपदेशक ठरेन. शहरात भाड्याने खोली शोधणारी आपली पोरगी, सवर्ण मालकाच्या दारात उभी असताना निळी ओढणी घरी ठेवून येते. तिला भेकड म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. रात्र डोक्यावर आहे, छप्पर पाहिजे. ती जात लपवते हा तिचा गुन्हा नव्हे. जो जात विचारतो त्याचा तो गुन्हा आहे. आपली सगळी नीतिमत्ता लपणाऱ्यावर खर्च करायची आणि शोधणाऱ्याला मोकळं सोडायचं, हे आपण बंद केलं पाहिजे. जिला शक्य आहे तिने उघड राहावं, म्हणजे जिला आज शक्य नाही तिला उद्या शक्य होईल. चळवळीचं काम एवढंच की लपावं लागण्याची गरज संपवायची.

आणि शेवटी एक कडू गोष्ट, आपल्या आपल्यांत. आपल्याकडेही आता कपडे तपासणारे निघालेत. हा मोर्च्याला निळा घालून आला नाही, याची बायको लाल साडी नेसली, हा भिक्खूसमोर काळा शर्ट घालून बसला. काळ्याचं म्हणाल तर पेरियारांच्या माणसांनी काळा सदरा हीच आपली निशाणी केली होती. त्यांच्याकडे बोट दाखवायची आपली हिंमत आहे काय? माझी कसोटी आपल्यालाही लागू आहे. निळा सगळ्यांना घालता आला पाहिजे म्हणून आपण लढलो, तो कुणाला घालावाच लागेल असं केलं तर बलाईंना हुकूम देणाऱ्यांची वही आपण पुढे चालवली असं होईल. निळा झेंडा खांद्यावर घेऊन बायकोला मारणारा माणूस मी पाहिला आहे. निळ्या रंगाने त्याला अडवलं नाही. रंग प्रमाणपत्र देत नाही. तसं प्रमाणपत्र मागूही नये.

तेव्हा मित्रांनो, कपाटाचं गणित जरूर मांडा. दोन पँटी, तीन शर्ट, सहा जोड. वाचलेल्या पैशात पुस्तक घ्या. पांढरा घेतलात तर तो धुणारे हात तुमचेच असू द्यात, आईचे नकोत. करडा घेतलात तर मान वर करून घाला. भडक पिवळा आवडत असेल तर तोही घाला, आपल्या आज्याला रंगीत काठ नेसू दिला नव्हता हे आठवून घाला. फक्त आपण तटस्थ आहोत असं कपड्याकडून वदवून घेऊ नका. ज्या दिवशी या देशात कुठलाही रंग कुणालाही घालता येईल आणि कुणालाही घालावा लागणार नाही, त्या दिवशी सगळेच रंग तटस्थ होतील. तोवर आपण काठावर उभे नाही, पाण्यात आहोत.

जय भीम.